एआय सगळ्यांनाच शिकायचंय, पण त्याला लागणारी वीज कोण सांभाळणार?

जून-जुलै आला की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. पर्सेंटाइल किती आले, कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म कसा भरायचा आणि पहिल्या नंबरला कोणती ब्रँच टाकायची. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: कॉम्प्युटर, आयटी, एआय-एमएल, डेटा सायन्स. ते जमलं नाही तर ईअँडटीसी. इलेक्ट्रिकलचा नंबर त्यानंतर कुठेतरी लागतो. "कॉम्प्युटर मिळालं नाही म्हणून इलेक्ट्रिकल घेतलं" हे वाक्य तुमच्याही ओळखीतल्या कुणी ना कुणी म्हटलं असेलच.

गंमत बघा. ज्या एआयसाठी ही धावपळ चालली आहे, ते चालतं विजेवर. तुम्ही मोबाइलवरून चॅटबॉटला प्रश्न विचारता, त्याचं उत्तर तयार होतं कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरातल्या डेटा सेंटर्सनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली. आपल्या भाषेत सांगायचं तर ४१,५०० कोटी युनिट. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून जास्त, सुमारे ९४५ टेरावॅट-तासांवर जाईल असा त्यांचा अंदाज आहे. आणि भारतातली सर्वाधिक डेटा सेंटर्स कुठे आहेत? आपल्याच मुंबई-नवी मुंबई पट्ट्यात.

म्हणजे विजेचं काम वाढतंय, गुंतागुंतीचं होतंय, आणि नेमक्या त्याच वेळी ते शिकणाऱ्यांचा ओढा दुसरीकडे आहे. हे असं का झालं, यात दोष कुणाचा, आणि तुम्ही आत्ता ब्रँच निवडत असाल तर याचा तुमच्यासाठी अर्थ काय? एकेक करून बघू.

ग्रिडमध्ये नक्की बदललं काय?

३० मे २०२४ ला देशाची विजेची कमाल मागणी २५० गिगावॅटवर पोचली. हा आकडा किती मोठा, ते असं समजून घ्या. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाची क्षमता आहे १,९६० मेगावॅट. अशा जवळपास १२७ कोयना एकाच वेळी पूर्ण ताकदीनं चालल्या, तर ही मागणी भागेल.

दुसरा बदल वीज कशापासून तयार होते याचा आहे. २०२५ च्या मध्यात देशाच्या एकूण स्थापित वीज क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा, गॅस सोडून इतर स्रोतांचा झाला. म्हणजे सौर, पवन, जल आणि अणू. २०३० पर्यंत अशी ५०० गिगावॅट क्षमता उभी करायचं उद्दिष्ट आहे. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण व्हॉट्सॲपवर यात हमखास गल्लत होते. क्षमता निम्मी झाली म्हणजे वीज निम्मी झाली असं नाही. सूर्य रात्री नसतो, वारा कायम वाहत नाही. प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेत अजूनही सुमारे ७० टक्के वाटा कोळशाचाच आहे.

तिसरा बदल सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो तुमच्या गल्लीपर्यंत आलेला आहे. पूर्वी वीज एकाच दिशेनं वाहायची. कोराडी, चंद्रपूर, कोयना इथे तयार व्हायची, मोठ्या लाइन्समधून सबस्टेशनला यायची, तिथून तुमच्या चौकातल्या डीपीला, डीपीतून घरात. विषय संपला. आता प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत १ कोटी घरांच्या छतावर पॅनल बसवायचं लक्ष्य आहे आणि ३ किलोवॅटच्या सिस्टिमला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. त्यामुळे छतावर तयार झालेली वीज उलटी डीपीकडे जायला लागली आहे.

एक साधा हिशोब करू. एका डीपीवर ३० घरं आहेत आणि सगळ्यांनी ३ किलोवॅटचे पॅनल बसवले. भर दुपारी कडक उन्हात ८०-९० किलोवॅट वीज तयार होईल. घरात त्या वेळी फ्रिज आणि दोन पंखे, म्हणजे घरटी अर्धा किलोवॅट धरला तरी एकूण खर्च १५ किलोवॅट. उरलेली ६५-७५ किलोवॅट डीपीतून मागे जाणार. डीपी ६३ केव्हीएची असेल तर ती गरम होणार. लाइनचा व्होल्टेज चढणार. व्होल्टेज फार चढला की घराघरांतले इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद होणार. मग "पॅनल बसवले पण युनिटच कमी पडतात" ही तक्रार सुरू होते.

ही अडचण सोडवायची कुणी? पॅनल विकणाऱ्याला ती कळत नाही. ॲप बनवणाऱ्यालाही नाही. त्यासाठी डीपीची क्षमता, केबलचा रोध आणि इन्व्हर्टरची सेटिंग, तिन्ही एकत्र समजणारा माणूस लागतो. तोच पॉवर इंजिनिअर.

५० हर्ट्झ म्हणजे काय भानगड आहे?

शाळेत आपण पाठ केलं होतं, भारतात विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ. पण ती ५० वर राहते कशी, हे फार कमी जणांना माहीत असतं.

भरलेली बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. सपाट रस्त्यावर बैल एका चालीनं चालतायत. चढ आला की चाल मंदावते, उतार लागला की गाडी पुढे पळायला बघते. ग्रिडचं तसंच आहे. मागणी वाढली की देशभरातले जनरेटर किंचित हळू होतात, फ्रिक्वेन्सी खाली येते. मागणी घटली की ते जोरात फिरायला लागतात, फ्रिक्वेन्सी वर जाते. आपल्याकडे ती ४९.९० ते ५०.०५ या चिंचोळ्या पट्ट्यात ठेवायची असते. महाराष्ट्रासाठी हे काम ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून चालतं. तिथे रात्री तीन वाजताही स्क्रीनवर नजर ठेवून माणसं बसलेली असतात.

५ एप्रिल २०२० आठवतो? रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे बंद करायचे होते. आपण बाल्कनीत पणत्या घेऊन उभे होतो. त्या वेळी देशाची मागणी काही मिनिटांत ३१-३२ हजार मेगावॅटनं घसरली आणि पुन्हा तितकीच चढली. ग्रिड पडला नाही, कारण अभियंत्यांनी आधीच तयारी केली होती. चटकन कमी-जास्त करता येणारी जलविद्युत केंद्रं हाताशी ठेवली होती. सगळं ठीक झालं, म्हणून ती बातमी मोठी झाली नाही. या कामाचं हे दुर्दैवच आहे. नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि बिघडलं तर? त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला, सोमवारी सकाळी १० च्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या लाइन्स एकामागोमाग बंद पडल्या. मुंबईला बाहेरच्या ग्रिडपासून तोडून स्वतःच्या विजेवर चालवायची जी आयलँडिंग व्यवस्था आहे, तीही त्या दिवशी टिकली नाही.

२८ एप्रिल २०२५ ला दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन अख्खे देश अंधारात गेले. तिथे वीज कमी पडली नव्हती. तपासात समोर आलं ते असं की व्होल्टेज प्रमाणाबाहेर चढला, तो वेळेत खाली आणता आला नाही आणि एकेक वीजकेंद्र साखळीसारखं बाहेर पडत गेलं. व्होल्टेज ताब्यात ठेवण्याच्या या खेळाला रिॲक्टिव्ह पॉवरचं नियंत्रण म्हणतात. आपल्याकडे इलेक्ट्रिकलची मुलं हा भाग "१० मार्कांचा प्रश्न" म्हणून पाठ करतात. स्पेनमध्ये त्या १० मार्कांवर कोट्यवधी लोकांचा दिवस अडकला होता.

यात अजून एक मेख आहे. कोळशाच्या केंद्रातला जनरेटर म्हणजे मिनिटाला ३,००० फेरे मारणारं कित्येक टनांचं धूड. ग्रिडला धक्का बसला तरी ते एकदम थांबत नाही, त्याच्या वेगानं दोन-चार सेकंद सांभाळून घेतं. सोलर पॅनलमध्ये फिरणारं काहीच नाही. तिथे सगळं इन्व्हर्टरमधल्या इलेक्ट्रॉनिक्सवर आणि सॉफ्टवेअरवर असतं. म्हणून आता जगभर ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टरवर काम चाललंय. हे इन्व्हर्टर नुसते ग्रिडच्या मागे चालत नाहीत, ग्रिडला आधार देतात. कोडिंग आवडणाऱ्या मुलांसाठी यात भरपूर काम आहे, फक्त ते "इलेक्ट्रिकल" या पाटीखाली आहे.

मग कॉलेजात काय शिकवतात?

इथे जरा कडू बोलावं लागेल.

इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये गेलात तर काय दिसतं? डीसी मोटरचा वेग बदलणे, ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट आणि शॉर्ट सर्किट टेस्ट, इंडक्शन मोटरची नो-लोड टेस्ट. हे चुकीचं आहे असं अजिबात नाही. मशीन कसं वागतं हे हाताला कळल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. पण बऱ्याच ठिकाणी गाडी तिथेच थांबते. पाच जणांच्या बॅचमध्ये एक जण कनेक्शन करतो, एक जण रीडिंग लिहितो, तिघं बघतात. जर्नल मागच्या बॅचकडून उतरवलं जातं. रीडिंगसकट.

लोड फ्लो हा पॉवर सिस्टिमचा कणा. कोणत्या लाइनमधून किती वीज जाईल याचं ते गणित. परीक्षेत तीन बसचं नेटवर्क देतात आणि न्यूटन-रॅफसनची एक फेरी कॅल्क्युलेटरवर करायला लावतात. खऱ्या ग्रिडमध्ये हजारो बस असतात आणि हे काम सॉफ्टवेअर करतं. अभियंत्याचं खरं काम त्यानंतर सुरू होतं: आलेलं उत्तर बघून "ही लाइन बंद पडली तर काय होईल?" असं विचारणं. परीक्षेत तो प्रश्न सहसा येतच नाही.

आज कामाला लागणाऱ्या काही गोष्टी बघा. रिलेची सेटिंग, स्काडा, बॅटरी साठवणूक, इन्व्हर्टरचं नियंत्रण, सायबर सुरक्षा. आणि वीजबाजार. आपल्याकडे वीज १५-१५ मिनिटांच्या ब्लॉकमध्ये शेड्यूल होते, दिवसाचे ९६ ब्लॉक. सोलर किंवा विंड कंपनीनं सांगितलं एक आणि दिली दुसरी, तर पैसे भरावे लागतात. त्यामुळे "उद्या दुपारी २ वाजता ढग येतील का?" या प्रश्नाला रुपयांत किंमत आहे. हवामान, पायथन आणि पॉवर सिस्टिम तिन्ही थोडं थोडं येणारा मुलगा किंवा मुलगी इथे लगेच उपयोगी पडते. पण हे तिन्ही एका वर्गात शिकवणारी कॉलेजं मोजकीच.

मुलं येत नाहीत, यात फक्त मुलांचा दोष आहे का?

नाही. मुलं हिशोब करूनच ठरवतात, आणि त्यांचा हिशोब फारसा चुकलेला नाही.

पहिलं कारण पगार. सुरुवातीला कोअर कंपनी देते त्यापेक्षा आयटीतला पगार बऱ्याचदा जास्त असतो आणि काम एसीत. इलेक्ट्रिकलमध्ये पहिली दोन-तीन वर्षं साइटवर जातात. ऊन, धूळ, कधी रात्री बोलावणं.

दुसरं कारण भरती. सरकारी वीज कंपन्यांच्या जागा दरवर्षी ठरलेल्या वेळी निघत नाहीत. निघाल्या की जाहिरात, परीक्षा, निकाल, कागदपत्रं यात वर्ष जातं. खालच्या पदांवर आधी काही वर्षं मानधनावर काम, मग कायम. बरीच कामं तर कंत्राटदारामार्फतच होतात. म्हणजे ज्या खात्याला माणसं हवीत, तेच खातं मुलांना "थांबा" म्हणतंय.

तिसरं कारण कॉलेजांचं गणित. २०२४-२५ पासून एआयसीटीईनं एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची कमाल मर्यादा काढली. पायाभूत सोयी आणि शिक्षक असतील तर जागा वाढवा, असं धोरण आहे. कॉलेजांनी काय केलं? जिथे मागणी आहे तिथे, म्हणजे कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंडांत जागा वाढवल्या. मग इलेक्ट्रिकलला मुलं आणखी कमी. मुलं कमी म्हणून लॅबवर खर्च कमी. लॅब जुनी म्हणून पुढच्या वर्षी मुलं अजून कमी. हे चक्र एकदा फिरायला लागलं की थांबवणं अवघड असतं.

चौथं कारण घरातलं आहे. मुलीनं इलेक्ट्रिकल म्हटलं की "खांबावर चढणार का?" हा प्रश्न येतोच. खरं तर कंट्रोल रूम, रिले टेस्टिंग, डिझाइन, फोरकास्टिंग यांत खांबाचा संबंधही नाही. आणि ज्या मुलीला खांबावर चढायचंय, तिला अडवायचं तरी कशाला? महावितरणमध्ये आज महिला लाइनवर काम करतात.

काम कुठे आहे? तीन वाटा

पहिली वाट आयटीआयची. दहावीनंतर इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड, दोन वर्षं. त्यानंतर ॲप्रेंटिसशिप, मग विद्युत सहाय्यकाच्या भरतीची वाट मोकळी. महावितरणनं २०२३-२४ मध्ये ५,३४७ विद्युत सहाय्यकांची जाहिरात काढली होती. दुसरीकडे सोलर बसवण्याचं काम गावोगाव वाढलंय. त्यासाठी केंद्राचा सूर्यमित्र नावाचा तीन महिन्यांचा कोर्स २०१५ पासून आहे. आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हे बऱ्याच मुलांना माहीतच नसतं.

दुसरी वाट डिप्लोमाची. पॉलिटेक्निकनंतर कारखान्यात मेंटेनन्स, सबस्टेशन ऑपरेटर, पॅनल बनवणाऱ्या कंपन्या. नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यात स्विचगिअरचे मोठे कारखाने आहेत, पुण्याजवळ चाकणला ईव्हीचं काम आहे. अनुभव जमला की विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना काढता येतो, आणि पुढे स्वतःचं इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचं लायसन्स. तालुक्याच्या गावात राहून चांगलं कमावणारी माणसं या वाटेवर बरीच आहेत. त्यांच्याबद्दल रील बनत नाहीत, एवढंच.

तिसरी वाट डिग्रीची. गेटची परीक्षा चांगली गेली तर पॉवरग्रिड, एनटीपीसी, ग्रिड-इंडिया अशा कंपन्यांची दारं उघडतात. राज्यात महानिर्मिती, महापारेषण, महावितरण. खासगीत रिले आणि ऑटोमेशन कंपन्या, डेटा सेंटर्स, बॅटरी आणि पंप्ड स्टोरेजचे प्रकल्प. पंप्ड स्टोरेज म्हणजे दुपारच्या स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. भंडारदऱ्याजवळ घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प आधीपासून आहे, आणि सह्याद्रीच्या घाटात आणखी बरेच आखले जातायत. परदेशात जायचं असेल तर तिथेही दारं बंद नाहीत. अमेरिकेत मोठ्या ट्रान्सफॉर्मरसाठी दोन वर्षांहून जास्त वेटिंग आहे, कारण सगळ्यांना एकाच वेळी ग्रिड वाढवायचाय.

लाइनमनचं शिक्षण: ज्यावर कुणी बोलत नाही

इंजिनिअरांची चर्चा होते. पण पावसात, रात्री ११ वाजता तुमचा फ्यूज टाकायला येतो तो वायरमन, आणि त्याच्या प्रशिक्षणावर चार ओळीही छापून येत नाहीत.

देशात दरवर्षी विजेच्या धक्क्यानं १० हजारांहून जास्त माणसं मरतात. त्यात शेतकरी असतात, घरातली लहान मुलं असतात, आणि लाइनवर काम करणारेही असतात. लाइनवरचं काम सुरक्षित करायचे नियम साधे आहेत. आधी शटडाउन घ्यायचं, तो लेखी घ्यायचा, टेस्टरनं लाइन मेली आहे याची खात्री करायची, दोन्ही बाजूंनी अर्थिंग करायचं आणि मगच हात लावायचा. नियम सगळ्यांना पाठ असतात. पण दोन गावांना एकच माणूस, लोक फोनवर ओरडतायत, आणि अर्थिंगची साखळी ऑफिसात राहिलेली. मग "पाच मिनिटांचं काम आहे" म्हणून चढलं जातं.

आता यात सोलरची भर पडली. लाइन बंद केली तरी कुणाच्या छतावरून वीज उलटी आली तर? म्हणूनच ग्रिडला जोडलेल्या सोलर इन्व्हर्टरमध्ये एक व्यवस्था असते. लाइट गेली की तो स्वतः बंद होतो. "एवढं ऊन आहे आणि माझं सोलर बंद का?" असा प्रश्न लोकांना पडतो. त्याचं उत्तर हे की खांबावर कुणीतरी चढलेलं असू शकतं. पण घरचा जनरेटर किंवा जुना इन्व्हर्टर चेंजओव्हर स्विचशिवाय थेट बोर्डात जोडला असेल, तर ही सुरक्षा राहत नाही. डीपीपर्यंत गेलेली ती वीज डीपीतून उलटी फिरून ११ हजार व्होल्टची होते.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या फीडरसाठी १६ हजार मेगावॅट सौर प्रकल्पांचं उद्दिष्ट आहे. म्हणजे ग्रामीण भागातल्या सबस्टेशनवर दुसऱ्या बाजूनंही वीज येणार. तिथल्या प्रत्येक कामगाराला हे नव्यानं शिकवावं लागेल. जुन्या माणसांनाही, कंत्राटी माणसांनाही. ते झालं नाही तर किंमत जीव देऊन मोजावी लागेल, आणि ती सगळ्यात कमी पगाराचा माणूस मोजेल.

मग करायला काय हवं?

नवीन "ग्रीन एनर्जी" नावाची ब्रँच काढणं हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी उपयोगाचं उत्तर आहे. नाव बदललं आणि लॅब तीच राहिली तर काही बदलत नाही. त्यापेक्षा या चार गोष्टी जास्त कामाच्या आहेत.

एक, सेकंड इयरपासून सबस्टेशनला नुसती भेट नको, काम हवं. एका दिवसाची सहल आणि ग्रुप फोटो यातून काही शिकता येत नाही. सहा महिन्यांची इंटर्नशिप सबस्टेशन किंवा भार प्रेषण केंद्रात झाली, तर पुस्तकातलं अर्धं आपोआप कळतं.

दोन, जुनं मशीन लॅब काढू नका, त्याच्या शेजारी इन्व्हर्टर, बॅटरी आणि रिले टेस्टिंगचं टेबल लावा. एका सोलर इन्व्हर्टरची किंमत कॉलेजच्या गॅदरिंगच्या मंडपाहून फार जास्त नसते.

तीन, वीज कंपन्यांनी भरतीचं वेळापत्रक ठरवून पाळावं. दरवर्षी किती माणसं घेणार हे आधी कळलं तर मुलं तयारी करतील. आज ती जुगार खेळल्यासारखी वाट बघतात.

चार, आयटीआयच्या मुलांसाठी मराठीत चांगलं साहित्य हवं. खांबावरच्या माणसाला सुरक्षेच्या सूचना इंग्रजी पीडीएफमध्ये देऊन काय उपयोग?

तुम्ही स्वतः आजपासून काय करू शकता?

ब्रँच अजून ठरली नसेल किंवा इलेक्ट्रिकलला आधीच असाल, तर या गोष्टी मोबाइलवरही सुरू करता येतील.

१. राज्य भार प्रेषण केंद्राच्या वेबसाइटवर महाराष्ट्राची त्या क्षणाची मागणी आणि फ्रिक्वेन्सी दिसते. आठवडाभर दुपारी १ आणि संध्याकाळी ७ ला बघा आणि लिहून ठेवा. ग्रिड म्हणजे काय हे त्यातून हळूहळू कळायला लागेल.

२. घरचं वीजबिल काढा आणि त्यातली एकेक ओळ समजून घ्या. स्थिर आकार काय, वहन आकार काय, इंधन समायोजन का येतं? इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनाही हे सगळं सांगता येत नाही.

३. एनपीटीईएलवर पॉवर सिस्टिमचे कोर्स फुकट आहेत. शिकवणारे आयआयटीचे प्राध्यापक. सगळा कोर्स नको, आधी चार लेक्चर बघा. कंटाळा आला नाही तर ही ब्रँच तुमची.

४. पायथन येत असेल तर पँडापॉवर नावाची मोफत लायब्ररी आहे. गुगल कोलॅबवर छोटं नेटवर्क बनवा, एक लाइन काढून टाका आणि काय होतं ते बघा. वर सांगितलेली ३० घरांची डीपीसुद्धा त्यात मांडता येईल. इंटरव्ह्यूमध्ये दाखवायला याहून चांगला प्रोजेक्ट शोधून सापडणार नाही.

५. एक गोष्ट मात्र करू नका. यूट्यूब बघून घरचा मेन बोर्ड उघडायला जाऊ नका. शिकण्याची हौस आयटीआय किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये, शिक्षक समोर असताना भागवा.

तर इलेक्ट्रिकल घ्यावं का?

पहिल्याच वर्षी मोठं पॅकेज हवं असेल, तर खरं सांगायचं, कदाचित नको. पण गणित आवडत असेल, हातानं काही करायला आवडत असेल, आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं कमी पगारात तग धरायची तयारी असेल, तर आत्ता या क्षेत्रात शिरायला वेळ चांगली आहे. सोबत कोडिंग शिका. कोडिंग येणारे लाखो आहेत, पण कोडिंगही येतं आणि व्होल्टेज का चढला हेही कळतं, असे फार थोडे.

आणि ऑप्शन फॉर्म भरताना कुणी म्हणालं, "इलेक्ट्रिकलला काय ठेवलंय?", तर त्यांना १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवून बघायला सांगा. लोकल बंद, लिफ्ट बंद, नेट बंद. त्या दिवशी सगळे ज्यांची वाट बघत होते, ती माणसं याच ब्रँचमधून आली होती.